फिल्टर काढून द्या, असं कोण म्हणणार?

समजा, तुम्ही 'सार्वजनिक ग्रंथालयातलं इंटरनेट फिल्टरिंग' हा विषय घेतलाय. बहुतेक जण 'सेन्सॉरशिप योग्य की अयोग्य' इथून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. त्यापेक्षा एकच निकाल घ्या आणि नीट वाचा: अमेरिकेतला 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध अमेरिकन लायब्ररी असोसिएशन', 2003.

पार्श्वभूमी थोडक्यात. 2000 साली तिथे 'चिल्ड्रन्स इंटरनेट प्रोटेक्शन अ‍ॅक्ट' आला. तो थेट बंदी घालत नाही. इंटरनेटसाठी केंद्राची सवलत किंवा अनुदान हवं असेल तर संगणकांवर फिल्टर बसवा, एवढंच म्हणतो. (पैसे नकोत तर नका बसवू! छोट्या गावातल्या ग्रंथालयाला ते परवडतं का, हा वेगळ्या प्रबंधाचा विषय.) 2002 मध्ये खालच्या न्यायालयाने ग्रंथालयांपुरता तो घटनाबाह्य ठरवला, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी वैध ठरवला.

आता इथे थांबा, कारण हा आकडा फसवा आहे. सहापैकी चौघांचंच म्हणणं एक होतं: ग्रंथालय पुस्तकं निवडतं, तसंच हे. केनेडी आणि ब्रेयर यांनी कारणं वेगळी दिली. केनेडींचा भर कशावर, तर प्रौढ वाचकाने सांगितलं की ग्रंथपाल फार वेळ न लावता फिल्टर काढून देईल यावर. विरोधी मत देणारे सूटर म्हणाले, ही पुस्तक न घेण्यासारखी गोष्ट नाही. घेतलेल्या ज्ञानकोशाची पानं कापण्यासारखी आहे.

म्हणजे बघा, निकालाचा बराच भार काउंटरवरच्या एका साध्या विनंतीवर आहे. तुमचा संशोधनप्रश्न तिथेच सापडतो. गुप्तरोगाबद्दल वाचायला आलेला माणूस रांगेत उभा राहून 'फिल्टर काढा' म्हणेल? घरी इंटरनेट असलेल्यावर ही वेळच येत नाही. आणि नुसत्या विनंत्यांच्या नोंदी मोजल्यात, तर काही न बोलता उठून गेलेले त्यात दिसणारच नाहीत. त्यासाठी मुलाखतीच हव्यात.

दुसरी फट मोजता येण्यासारखी आहे. हा कायदा फक्त चित्रांबद्दल बोलतो, मजकुराबद्दल नाही. फिल्टर मात्र अनेकदा अख्खं पानच अडवतो. कायदेशीर पानांची यादी करा, ती ग्रंथालयात आणि बाहेर उघडून बघा. चाचणीची तारीख आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती तेवढी लिहून ठेवा. कंपन्या आपल्या याद्या सतत बदलतात.