जुन्या गाड्यांचा धंदा: मॉडेल जास्त, तर भाव कमी?

जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत उतरायचंय? मग आधी हे समजून घ्या. शोरूममध्ये एकाच गाडीचे कितीतरी प्रकार असतात: पेट्रोल, सीएनजी, मॅन्युअल, ऑटोमॅटिक, बेस, टॉप. नवीन घेणाऱ्याची चंगळ होते. पण पाच वर्षांनी तीच गाडी तुमच्याकडे आली, की नेमक्या त्याच प्रकाराचं गिऱ्हाईक तुम्हाला शोधावं लागतं.

मॉडेल वाढली की गिऱ्हाईक वाटलं जातं. ज्याचा खप कमी, त्याचे पार्ट आणि मेकॅनिक दुर्मिळ, आणि भावही पडतो. वॅगनआर 1999 पासून बाजारात आहे. तिचं काम कुठलाही मेकॅनिक करतो, म्हणून ती पटकन जाते. याउलट शेवरोलेने 2017 मध्ये भारतातली विक्री थांबवली. आजही त्यांची गाडी दाखवली की गिऱ्हाईक आधी विचारतं, "पार्ट मिळतील ना?"

आता हिशेब बघा. समजा, महिना दीड टक्का व्याजाने पैसे उचलून 4 लाखांची गाडी घेतली. ती 3 महिने पडून राहिली, तर 18,000 रुपये नुसत्या व्याजात गेले.

म्हणून सुरुवातीला चार-पाच चालणारी मॉडेलच धरा. कमी खपाची गाडी आलीच, तर ती किती महिने अडकेल ते धरून भाव सांगा. परवडलं नाही तर सरळ सोडून द्या.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या भागातल्या तीन मेकॅनिकना भेटा आणि विचारा, "कुठल्या गाड्या सगळ्यात जास्त येतात?" तीच तुमची खरेदीची पहिली यादी.