फॅक्स आला, पण आधी कुणी वाचला?

नव्वदच्या दशकात लहान गावात, मग ते उमरी असो, भोकर असो की धर्माबाद, फॅक्स सहसा कुणाच्या घरी येत नसे. तो यायचा एसटीडी बूथवर. नंबर बूथवाल्याचा, मशीन बूथवाल्याचं, मजकूर तेवढा आपला. कापसाचा भाव, बदलीची ऑर्डर, कोर्टाची स्थगिती, सोयरिकीचा बायोडाटा, सगळं त्याच एका फटीतून बाहेर पडायचं. बूथवाला निरोप धाडेपर्यंत नवऱ्या मुलाचा पगार बाकड्यावर बसलेल्या चौघांना पाठ झालेला असे.

फॅक्सची खरी गळती ही अशी असते. तारेवर कान लावून बसणारा हेर लाखात एखादा. ट्रेमधला कागद सहज उचलून बघणारे मात्र रोजचे. ३० जानेवारी १९४८ला हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी उमरीची बँक लुटली, तेव्हा बंदुका लागल्या होत्या. फॅक्सच्या ट्रेला झेरॉक्सचं निमित्त पुरतं.

टपालाला निदान लखोटा असतो. ‘गोपनीय’ शिक्क्याचं पाकीट बारनिशीत फोडत नाहीत, साहेबांच्या टेबलावर तसंच जातं. फॅक्सवर तोच शिक्का मजकुराच्याच पानावर येतो, म्हणजे वाचणाऱ्याला उलट आमंत्रणच. शिवाय दोन मशीनं शिट्ट्या वाजवून एकमेकांशी जुळतात ती वेग आणि कागदाचा आकार ठरवायला. पलीकडे माणूस कोण उभा आहे, हे त्यांना कळत नाही. पानाच्या डोक्यावर छापून येणारा पाठवणाऱ्याचा नंबरही त्यानं स्वतःच मशीनमध्ये भरलेला असतो. त्यावर फार विसंबू नये.

जुना गुळगुळीत थर्मल कागद उष्णतेनं काळा पडायचा आणि काही काळानं अक्षरं पुसट व्हायची. (त्यात गरम भजी बांधून बघितलेल्यांना हे माहीत असेल.) म्हणून लोक लगेच झेरॉक्स काढत, आणि बिघडलेली प्रत दुकानातच राही. पुढे साध्या कागदाची मशीनं आली. त्यांतल्या काहींत काळी फिल्म असते. तिच्यावरची शाई पानावर उतरते आणि अक्षराच्या जागी फिल्म मोकळी राहते. संपलेला रोल उजेडात धरला की आलेलं प्रत्येक पान ओळीनं वाचता येतं! पानं फाडून टाकणारी कचेरीसुद्धा हा रोल अख्खाच कचऱ्यात देते. तो कात्रीनं कापावा, नाहीतर जाळावा.

बऱ्याच मशीनांत आलेला फॅक्स मेमरीत ठेवून पिन दाबल्यावरच छापायची सोय असते. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी तरी ती चालू ठेवावी. फॅक्स ईमेलवर घेत असाल, तर त्या ईमेलचा पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे, तेही एकदा मोजून पाहावं. मशीन विकताना किंवा दुरुस्तीला देताना मेमरी पुसायला हवी.

दुसऱ्याचा संदेश चोरून जाणून घेणं १८८५च्या तार कायद्यातही गुन्हा होता. पण बाकड्यावरच्या चौघांवर कोण केस करणार? त्यापेक्षा तेव्हाचे हुशार आडते करत तेच बरं होतं. आधी फोन यायचा, “आता टाकतोय, मशीनपाशी उभा राहा.” मग कागद बाहेर येता येताच हातात धरायचा, पानं मोजायची आणि पलीकडे सांगायचं, “तिन्ही मिळाली.”