रथ की रथी?

भारतीय युद्ध संपल्यावर श्रीकृष्णाने नेहमीची रीत मोडून अर्जुनाला आधी रथातून उतरावयास सांगितले आणि मग तो स्वतः उतरला. तो उतरतो न उतरतो तोच रथ पेटला आणि पाहता पाहता भस्म झाला. द्रोणाच्या व कर्णाच्या अस्त्रांनी तो केव्हाच दग्ध झालेला होता, केवळ सारथ्याच्या अधिष्ठानामुळे उभा होता, असा खुलासा महाभारतात आहे. अठरा दिवसांच्या पराक्रमात धनुर्धराचा वाटा किती, सारथ्याचा किती आणि रथाचा किती, हा हिशेब व्यासांनी असा एका क्षणात उघडा केला. मोटारींच्या शर्यतींत तो इतक्या सहजी उघडा होत नाही. तेथे रथी आणि सारथी एकच. पण प्रत्येकाचा रथ वेगळा.

फॉर्म्युला वन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती १९५० साली सुरू झाल्या. त्यांचा एक विशेष नवख्या प्रेक्षकाच्या ध्यानात चटकन येत नाही. धावण्याच्या शर्यतीत ज्याचे पाय त्याचेच असतात. येथे दुसऱ्याने घडविलेल्या पायांनी धावावयाचे असते. नियमांच्या चौकटीत राहून प्रत्येक संघ आपली गाडी आपण तयार करतो. इंजिनाची ताकद, वळणावर गाडीला जमिनीशी दाबून धरणारा वाऱ्याचा भार, टायर जपून वापरण्याची तिची प्रकृती, या गोष्टी अभियंत्यांनी कारखान्यात आधीच ठरवून टाकलेल्या असतात. चालक कितीही निष्णात असला तरी गाडीच्या अंतिम मर्यादेपलीकडे तो जाऊ शकत नाही. त्या मर्यादेच्या किती निकट, आणि दीड-दोन तास न चुकता, तो राहू शकतो, एवढेच त्याच्या हाती असते. निकालपत्रकात मात्र दोहोंची बेरीज तेवढी छापली जाते.

याचे सर्वांत लख्ख उदाहरण २००५ सालच्या जून महिन्यात अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे घडले, आणि त्यात एका भारतीयाचा संबंध आहे. मिशेलिन कंपनीचे टायर तेथील कलत्या वळणावर सुरक्षित नाहीत असे आढळल्यामुळे ते वापरणाऱ्या चौदा गाड्या प्रारंभापूर्वीच माघारी वळल्या. शर्यत झाली ती फक्त सहा गाड्यांची: फेरारीच्या दोन, जॉर्डनच्या दोन, मिनार्डीच्या दोन. निकाल काय लागला? पहिले दोन फेरारीचे, नंतरचे दोन जॉर्डनचे, शेवटचे दोन मिनार्डीचे. जणू गाड्यांचीच प्रतवारी लावून ठेवली होती. फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन त्या दिवशी जॉर्डनमधून चौथा आला आणि त्याला पाच गुण मिळाले; त्याच्या या शर्यतींतील कारकिर्दीचे सारे गुण तेवढेच. पण कार्तिकेयनची पारख करावयाची, तर पुढच्या फेरारीशी किंवा मागच्या मिनार्डीशी तुलना व्यर्थ होय. तशीच गाडी चालवून तिसऱ्या आलेल्या तियागो मोंतेरोशीच ती करावयास हवी.

जेन्सन बटन या इंग्रज चालकाने २००८ च्या संपूर्ण हंगामात होंडाच्या गाडीतून अवघे तीन गुण मिळविले. होंडाने संघ सोडला, रॉस ब्रॉन याने तो आपल्या हाती घेतला, गाडी नवी आली. आणि २००९ च्या पहिल्या सात शर्यतींपैकी सहा बटनने जिंकल्या. तो त्या वर्षीचा अजिंक्यवीरही ठरला. एका हिवाळ्यात माणूस इतका पालटत नाही. पुढे त्याच वर्षी इतर संघांनी आपल्या गाड्या सुधारल्या, तेव्हा उरलेल्या दहा शर्यतींपैकी एकही त्याला जिंकता आली नाही.

यावरून जाणकारांनी एक साधा दंडक बसविला आहे. प्रत्येक संघाच्या दोन गाड्या असतात. तेव्हा चालकाची तुलना फक्त त्याच्या संघातील जोडीदाराशी करावी. शर्यतीपूर्वी प्रारंभीचे स्थान ठरविण्यासाठी प्रत्येकजण शक्यतो मोकळ्या वाटेवर एक फेरी जीव तोडून मारतो. त्या पात्रता-फेरीत दोघा जोडीदारांपैकी कोण किती वेळा पुढे राहिला, याची मोजणी विशेष विश्वसनीय मानतात, कारण तीत इतरांच्या अडथळ्याचा भाग कमी असतो.

दंडक चांगला आहे, पण निर्दोष नव्हे. १९८४ साली मॅक्लारेन संघात निकी लाउडा आणि त्याच्याहून सहा वर्षांनी लहान आलँ प्रोस्त हे एकत्र आले. सोळा पात्रता-फेऱ्यांपैकी पंधरांत प्रोस्त पुढे होता. शर्यती त्याने सात जिंकल्या, लाउडाने पाच. आणि अजिंक्यपद? ते ७२ विरुद्ध ७१.५ अशा अर्ध्या गुणाने लाउडाला मिळाले. एका फेरीच्या वेगात आपण या तरुणाला पुरे पडणार नाही, हे ओळखून लाउडाने आपली गाडी प्रत्यक्ष शर्यतीच्या लांब पल्ल्यासाठी जुळवून घेण्यावर भर दिला होता. या अर्ध्या गुणाची कथाही ऐकण्यासारखी आहे. मोनॅको येथील त्या वर्षीची शर्यत मुसळधार पावसामुळे मध्येच थांबविली गेली. प्रोस्त पहिला होता, पण गुण निम्मेच, म्हणजे साडेचार मिळाले. ती पूर्ण होऊन तो दुसरा आला असता, तर सहा गुण मिळून अजिंक्यपद त्याचेच झाले असते! त्या पावसात त्याच्या मागून झपाट्याने येत होता तो टोलमनच्या सामान्य गाडीतला आयर्टन सेना. निसरड्या रस्त्यावर यंत्राची ताकद पुरती वापरताच येत नाही. तेथे गाड्यांतील अंतर आखडते आणि हाताचे व नजरेचे मोल वाढते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे, कारण तिच्यावर माणसांची उपजीविका अवलंबून असते. एकसारख्या दोन गाड्या दोघांनाही सारख्याच मानवतील असे नाही. पियेर गास्ली या तरुण फ्रेंच चालकाला २०१९ साली रेड बुल संघात मॅक्स व्हर्स्टापेनच्या जोडीला घेण्यात आले. बारा शर्यतींत व्हर्स्टापेनचे १८१ गुण झाले, गास्लीचे ६३. त्याला हंगामाच्या मध्यावरच काढून धाकट्या संघात परत पाठविले. दंडकाप्रमाणे निवाडा झाला होता. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये त्या कमी प्रतीच्या गाडीतून तो दुसरा आला, आणि सप्टेंबर २०२० मध्ये मोंझा येथे चक्क जिंकला. मोंझाच्या विजयात दैवाचा हात होता हे खरे. पण दैवाने पुढे आणलेल्या गाडीला अखेरपर्यंत पुढे ठेवणे हे काही दैवाचे काम नव्हते. रेड बुलमधील गास्ली खोटा की मोंझाचा? तराजूच्या दुसऱ्या पारड्यात व्हर्स्टापेनसारखा असामान्य चालक असला, म्हणजे चांगले वजनही हलके दिसते.

अशा वादात क्वचित एखादा प्रयोग आपोआप घडून येतो. जॉर्ज रसेल हा विल्यम्सच्या मागासलेल्या गाडीतून ३६ शर्यती धावला होता आणि विल्यम्ससाठी त्याचा एकही गुण झाला नव्हता. पात्रता-फेऱ्यांत मात्र आपल्या जोडीदाराला त्याने कधीही पुढे जाऊ दिले नव्हते. पण जोडीदारच सामान्य असेल तर? डिसेंबर २०२० मध्ये बाहरीनच्या शर्यतीपूर्वी लुइस हॅमिल्टनला कोविड झाला आणि त्याच्या मर्सिडीजमध्ये रसेलला बसविण्यात आले. गाडी त्याच्या उंचीच्या मानाने अरुंद. पाय मावावेत म्हणून एक माप लहान बूट घालावे लागले. तेथे त्याचा जोडीदार होता व्हाल्तेरी बोत्तास, जो चार वर्षे हॅमिल्टनशी तोलला गेलेला, म्हणजे ज्याचे वजन सर्वांना ठाऊक होते. पात्रता-फेरीत रसेल त्याच्यामागे राहिला तो एका सेकंदाच्या २६ हजारांश भागाने. शर्यत सुरू होताच त्याने बोत्तासला मागे टाकले व बराच काळ आघाडी राखली. मग संघाच्या यांत्रिकांनी घाईत त्याच्या गाडीला बोत्तासचे टायर चढविले. ते बदलावयास पुन्हा थांबावे लागले. पुढे चाकातून हवा गेली. तो नववा आला. निकालपत्रकापुरते पाहिले तर नववा क्रमांक आणि तीन गुण. पण पाहणाऱ्यांनी जे पाहावयाचे ते पाहिले होते, आणि २०२२ पासून रसेल मर्सिडीजचा कायमचा चालक झाला. त्या वर्षी त्याचे गुण हॅमिल्टनहून अधिक झाले. हॅमिल्टन आजारी पडला नसता, तर विल्यम्समधील त्या वर्षांचा अर्थ किती दिवस संशयात राहिला असता, कोण जाणे.

शेफील्ड विद्यापीठातील अभ्यासकांनी १९५० ते २०१४ पर्यंतच्या निकालांची संख्याशास्त्राच्या साह्याने छाननी करून २०१६ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. निकालात संघाचा वाटा चालकाच्या सुमारे सहापट भरतो आणि तो काळाबरोबर वाढत गेला आहे, असे त्यांना आढळले. गाडीचा भाग वजा केल्यावर सर्वश्रेष्ठ ठरला तो अर्जेंटिनाचा हुआन मान्युएल फांगिओ. त्याने चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांतून पाच अजिंक्यपदे मिळविली. उत्तम गाडी कोठे आहे हे त्याला अचूक कळत असे, असेही म्हणता येईल. पण तेही कौशल्यच. आणि १९५६ साली मोंझा येथे त्याची गाडी बंद पडली, तेव्हा स्वतःला अजिंक्यपदाची आशा असताना पीटर कॉलिन्स या जोडीदाराने आपली गाडी खुशीने त्याच्या स्वाधीन केली. हे औदार्य कोणत्या समीकरणात बसवावयाचे?

त्याच्या आदल्या वर्षी इंग्लंडमध्ये एंट्री येथे मर्सिडीजच्या गाड्या पहिल्या चार क्रमांकांनी आल्या होत्या. पहिला स्टर्लिंग मॉस, दुसरा फांगिओ, आणि दोघांत अंतर एका सेकंदाच्या पाचव्या हिश्शाचे. मॉसचा हा या मालिकेतील पहिलाच विजय, तोही मायदेशात, आपल्या देशबांधवांसमोर. पुढे त्याने एकूण सोळा शर्यती जिंकल्या. अजिंक्यपद मात्र त्याला कधीच लाभले नाही. गुरुस्थानी असलेल्या फांगिओने त्या दिवशी आपल्याला वाट करून दिली की काय, ही शंका मॉसला होती आणि ती त्याने फांगिओला विचारलीही. तसे काही नाही, त्या दिवशी मॉसच सरस होता, असे फांगिओ सांगत असे. १९९५ साली फांगिओ वारला. २०२० साली मॉसही गेला. खरे काय ते त्याला अखेरपर्यंत निश्चित कळले नव्हते.