एका फोटोत दोनदा

एकच मुलगा एकाच फोटोत झाडाच्या उजवीकडेही उभा आणि डावीकडेही उभा, असा फोटो तुम्ही पाहिला आहे काय? पालकांपैकी पुष्कळांनी 'राम और श्याम' (१९६७) किंवा 'सीता और गीता' (१९७२) हे सिनेमे पाहिले असतील. दिलीपकुमार एकच, पण पडद्यावर दोन! ह्यात मंत्र नाही की जुळा भाऊ नाही. फिल्मच्या एकाच तुकड्यावर दोन वेळा प्रकाश पाडायचा, हे ह्या युक्तीचे मूळ. फोटोवाले तिला 'डबल एक्स्पोजर' म्हणतात.

हे समजायला आपली पाटी घ्या. कोऱ्या काळ्या पाटीवर पेन्सिलीने लिहिले की अक्षर उठून दिसते. उरलेल्या काळ्या जागेत आणखी लिहिता येते. पण जी जागा आधीच गिरवून पांढरी झाली, तिथे काही लिहिले तरी दिसणार नाही. फिल्मचेही तसेच. तिच्यावर चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. ज्या कणांवर प्रकाश पडला ते 'वापरले' गेले. अंधारात राहिलेले कण तसेच कोरे. पाटी पुसता येते, फिल्म पुसता येत नाही, एवढाच फरक.

आमच्या सातवीच्या गटाला तालुक्याच्या एका स्टुडिओवाल्या काकांनी जुना डबा कॅमेरा वापरायला दिला. त्यात १२ फोटोंचा रोल बसतो. पाठीमागे लाल काचेची बारीक खिडकी असते. फोटो काढला की चावी फिरवायची, खिडकीत पुढचा आकडा आला की थांबायचे. चावी फिरवलीच नाही आणि पुन्हा खटका दाबला, तर दुसरा फोटो पहिल्यावरच बसतो. घरोघरी जुन्या पेटीत एखादा तरी असा फोटो निघेल, की ज्यात आजोबांच्या पोटातून बैलगाडी चालली आहे. तिथे चावी फिरवायची राहून गेली, असे समजावे.

मुद्दाम करायचे असेल तर सोपी रीत अशी. काळे घोंगडे किंवा काळा कपडा भिंतीवर ताणून लावायचा. कॅमेरा स्टुलावर ठेवून त्याच्या बाजूंना विटा लावायच्या, म्हणजे तो हलणार नाही. मुलाला डावीकडे उभे करून एक खटका. मग चावीला हात न लावता त्याला उजवीकडे नेऊन दुसरा खटका. काळ्या कपड्यावरून प्रकाश जवळजवळ परतत नाही, म्हणून ती जागा फिल्मवर कोरी राहते आणि दुसऱ्या वेळी मुलगा तिथे येऊन बसतो. कपडा अंगणातल्या उन्हात नको, सावलीत बरा. कडक उन्हात काळासुद्धा करडा होतो.

पाठीमागे काळे नसेल तर मात्र हिशोब करावा लागतो. दोन वेळा पूर्ण प्रकाश दिला तर फोटो पांढराफटक पडतो. म्हणून प्रत्येक वेळी निम्मा द्यायचा. एका फोटोला १/६० सेकंद लागत असेल तर दोन्ही वेळा १/१२५ ठेवायचे. अपूर्णांक कशाला शिकायचे, असे विचारणाऱ्यांनी हे वाचावे.

आम्हांला सगळ्यात आवडली ती तिसरी रीत. मुलीला आभाळाकडे पाठ करून उभे केले की तिचा चेहरा काळा आकार दिसतो आणि आभाळ पांढरे. मग त्याच फिल्मवर ज्वारीच्या ताटांचा फोटो घ्यायचा. आभाळ आधीच भरून गेलेले, तिथे काही उमटत नाही. ज्वारी फक्त चेहऱ्याच्या आकारात उगवते!

हा छंद दोघांत मिळूनही करतात. ३५ मि.मी. रोलचा कॅमेरा असला तर एकाने सगळे ३६ फोटो काढायचे, रोल उलटा गुंडाळायचा, पण त्याची जीभ बाहेर ठेवायची. रोल भरताना फिल्मवर पेनाने खूण केलेली असते. ती खूण त्याच जागी जुळवून दुसऱ्याने तोच रोल पुन्हा भरायचा आणि वरून आपले फोटो काढायचे. कोणी काय काढले ते एकमेकांना सांगायचे नाही, अशी पुष्कळांची पद्धत आहे. आमच्या मते वही ठेवलेली बरी. कितव्या फोटोत काळी जागा कुठे आहे हे दुसऱ्याला कळले, तर रोल वाया जात नाही. आणि रोल आता महाग झाला आहे. मोबाईलमध्येही दोन फोटो एकमेकांवर बसवता येतात, तिथे फिल्मऐवजी आकड्यांची बेरीज होते.

आता ह्या युक्तीची दुसरी बाजू. अमेरिकेत १८६१ ते १८६५ मोठे यादवी युद्ध झाले. लाखो माणसे मेली. त्याच काळात बोस्टन शहरात विल्यम ममलर नावाचा फोटोग्राफर होता. तो फोटो काढी आणि त्यात बसलेल्या माणसामागे एक धूसर आकृती दिसे. ही तुमच्या मेलेल्या माणसाची छाया, असे सांगून तो नेहमीच्या कितीतरी पट पैसे घेई. आईबाप मुलाची छाया ओळखत आणि रडत. पुढे काही 'छाया' बोस्टनमध्येच हिंडता-फिरताना लोकांना आढळल्या! १८६९ साली न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर खटला झाला. सर्कसवाला पी. टी. बार्नम त्याच्याविरुद्ध साक्षीला उभा राहिला. त्याने स्वतःचा एक फोटो दाखवला, त्यात त्याच्यामागे मेलेले अध्यक्ष लिंकन होते, आणि तो एका फोटोग्राफरने युक्तीने काढून दिलेला होता. तरीही पुरावा अपुरा म्हणून ममलर सुटला. पुढे लिंकनची विधवा पत्नी मेरी हिनेही त्याच्याकडे फोटो काढवला. नवरा आणि तीन मुलगे गेलेली बाई ती. तिला नावे ठेवावीत असे आम्हांला वाटत नाही. पैसे कोणी घेतले ते पाहावे.

असे फोटो आजही कोणी घेऊन येतो, मोबाईलवरही येतात. तुमच्या घरच्याची सावली आहे, अमुक द्या, तमुक करा, असे कोणी म्हणाले तर आधी त्या फोटोत पाठीमागे काळे कुठे आहे ते शोधा.

शेजारी आमचे चार फोटो टाचणीने लावले आहेत. तिसऱ्यात वडाखाली पांढरे भूत दिसते. ती सहावीतली एक मुलगी आहे, आईची धुतलेली साडी पांघरून. ती कोण, ते पालकांनी ओळखावे. फोटोला बोट लावू नये, डाग पडतो.