माइक टेस्टिंग... सा रे ग!

ऑफिसच्या अ‍ॅन्युअल डेला तुमचं गाणं हमखास वन्स मोअर घेतं. मित्र म्हणतात, ‘यार, एकदा रेकॉर्ड कर ना!’ मग माइक येतो, लॅपटॉपला जोडला जातो, हेडफोन लावून तुम्ही ऐकता आणि चेहराच पडतो. हा माझा आवाज? कुठे घुमतोय, कुठे फाटतोय!

थांबा, लगेच महागडा माइक शोधायला निघू नका. ‘थ्रिलर’ (१९८२) साठी मायकल जॅक्सनचा आवाज शुअर एसएम७ या डायनॅमिक माइकवर रेकॉर्ड झाला होता. तो काही स्टुडिओतला सर्वांत महागडा माइक नव्हे. तेव्हा आधी सेटिंग बघू या.

बदाम निवडा
माइकवर पॅटर्नचं बटण असेल, तर पत्त्यांतल्या बदामासारखं चिन्ह निवडा. हा कार्डिऑइड मोड. तो समोरचा आवाज घेतो, मागचा बराचसा टाळतो. म्हणून माइकची पाठ पंख्याकडे किंवा खिडकीकडे करा. आणि हो, पुष्कळशा कन्डेन्सर माइकमध्ये वरच्या टोकात नाही, बाजूने गायचं असतं. मॅन्युअल वाचाच!

एक वीत अंतर
माइक आणि ओठ यांत साधारण वीतभर अंतर ठेवा. फार जवळ गेलात तर खर्ज फुगतो, लांब गेलात तर खोली ऐकू येते. ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना धाडकन् हवा आदळते. पॉप फिल्टर लावा, नाहीतर माइक किंचित तिरका धरा.

गेनचं गणित
सगळ्यात महत्त्वाचं हेच. गाण्यातली सर्वांत चढी ओळ पूर्ण ताकदीने गा आणि मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील एवढाच गेन ठेवा. शून्याला टेकलं की आवाज फाटलाच. २४ बिटवर रेकॉर्ड केलंत तर हळू आलेला आवाज नंतर आरामात वाढवता येतो. फाटलेला मात्र धड दुरुस्त होत नाही. सॅम्पल रेट ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ पुरे.

ऑटो बंद!
ऑटो गेन आणि नॉइज सप्रेशन ही मीटिंगसाठीची सोय. गाताना ती घात करते. लांबवलेला सूर तिला पंख्याची घरघर वाटू शकते आणि ती तो खाऊन टाकते. लो-कट किंवा ८० हर्ट्झचं बटण असेल तर ते मात्र चालू करा, रस्त्यावरची गुरगुर कमी होईल. ट्रॅक हेडफोनवरच ऐका. आणि घुमणाऱ्या खोलीवर उपाय? साड्यांचं उघडं कपाट, गादी, जाड रजई. एकदम देशी स्टुडिओ!

हे सगळं या वीकएन्डला स्वतःच्या आवाजावर करून बघा. हात बसला की माइक घेऊन गावी जा. आजीला जात्यावरच्या ओव्या पाठ असतील, तर ती तुमच्यासाठी दहा रीटेक देणार नाही. तिच्या एकाच टेकसाठी तरी गेन आधीच नीट लावलेला हवा.