कलती रेषा

1882च्या ऑगस्टमध्ये जर्मन मानववंशशास्त्रज्ञ फ्रँकफुर्टला जमले आणि त्यांनी एक जुनं भांडण मिटवलं. कवटी मोजायची तर आधी ती ठेवायची कशी? जो तो आपल्या पद्धतीने ठेवी, त्यामुळे एकाची मापं दुसऱ्याच्या उपयोगाची नसत. ठरलं ते असं: दोन्ही कानांच्या छिद्रांची वरची कड आणि डाव्या डोळ्याच्या खोबणीचा सर्वांत खालचा बिंदू यांतून जाणारं प्रतल आडवं धरायचं. ही सभेत ठरलेली सोय होती, आणि तीही टेबलावरच्या कोरड्या कवट्यांसाठी. पुढे जिवंत मुलांच्या तोंडात तारा बसवणारे आम्ही लोक तिच्यावर इतका भार टाकू, हे त्या सभेत कोणाच्या मनातही आलं नसेल.

कवट्यांच्या या जगात एक नाव मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीचं आहे. इरावती कर्वे 1927 साली बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली माणसाच्या कवटीच्या असमानतेवर त्यांनी प्रबंध लिहिला. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशानुसार बदलतो आणि त्यातून गोऱ्यांचं श्रेष्ठत्व दिसतं, असं फिशर यांचं गृहीतक. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या आणि वंशाचा या असमानतेशी संबंध दिसत नाही, असं आपल्या मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध लिहून दिलं. या धाडसाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. दंतवैद्याने त्यातून घ्यावी अशी गोष्ट मात्र साधी आहे: कोणाचीही कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते. बाजूने काढलेल्या एक्स-रेत दोन कान आणि दोन खोबणी एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, दुहेरी सावल्या दिसतात. मग रेषा कोणत्या सावलीवरून काढायची?

हा एक्स-रे आला 1931मध्ये. अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी एकाच वर्षी, स्वतंत्रपणे त्याची रीत मांडली. ब्रॉडबेंटच्या यंत्रात डोकं कानांतल्या दोन दांड्यांनी जखडलेलं, एक्स-रेची नळी 5 फुटांवर ठरलेली. त्यामुळे आजचं चित्र आणि दोन वर्षांनंतरचं चित्र एकमेकांशेजारी ठेवता येऊ लागलं. 1948मध्ये डाउन्सने फ्रँकफुर्ट प्रतल धरून चेहऱ्याचं गणित बसवलं. त्याचा आधार उत्तम दातांची 12 ते 17 वर्षांची 20 गोरी मुलं-मुली. 1953मध्ये स्टायनरने ते प्रतल बाजूला ठेवलं आणि कवटीच्या तळातली रेषा घेतली: मेंदूखालच्या सेला या खळगीच्या मध्यापासून नाकाच्या मुळाशी असलेल्या नेझिऑनपर्यंत. आज धुळ्याहून माझ्याकडे येणाऱ्या एक्स-रेच्या रिपोर्टवर जे एसएनए, एसएनबी छापलेले असतात, ते या रेषेवरून मोजलेले कोन. एसएनए म्हणजे वरचा जबडा, सरासरी 82. एसएनबी म्हणजे खालचा, सरासरी 80.

स्टायनरची रेषा का चालली, हे एकदा ट्रेसिंग केलं की कळतं. व्ह्यू बॉक्सवर फिल्म, तिच्यावर पारदर्शक कागद, हातात टोकदार पेन्सिल. सेलाची खळगी लगेच सापडते. नेझिऑनही बहुधा सापडतो. कानाचं छिद्र मात्र आजूबाजूच्या दाट हाडात हरवतं आणि त्यावर यंत्राच्या दांडीचा पांढरा गोल बसलेला असतो. कंटाळलेला विद्यार्थी त्या गोलाचाच माथा धरतो, आणि कान काही मिलिमीटर सरकतो.

पण सहज सापडणारी रेषा योग्यच असते असं नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली खरी अडचण इथेच आहे. सेला-नेझिऑन रेषा फ्रँकफुर्ट प्रतलाशी सरासरी 7 अंशांचा कोन करते. एखाद्याची सेला खाली असली की हाच कोन 11 होतो. मग जबडे जागच्या जागी असूनही एसएनए 82चा 78 आणि एसएनबी 80चा 76 होतो. दोन्ही जबडे मागे, असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात कललेली असते ती रेषा. शिवाय वाढत्या वयात नेझिऑन पुढे सरकतो, सेलाची मागची भिंत झिजून तिचा मध्यही हलतो. ब्यॉर्कने हाडात धातूच्या बारीक खुणा बसवून वाढ मोजली. तुलनेसाठी पुढे तो सेलाच्या पुढच्या भिंतीसारख्या न हलणाऱ्या कडांकडे वळला.

फ्रँकफुर्टचाही निर्वाळा देता येत नाही. ते प्रतल प्रत्येक माणसात आडवं असतंच असं नाही, हे डाउन्सने स्वतःच 1956मध्ये सांगितलं. 1958मध्ये मूरीज आणि कीन यांनी नैसर्गिक डोक्याची ठेवण वापरायला सुचवलं: माणूस मोकळा उभा, नजर समोर, आणि फिल्मवर ओळंब्याची उभी रेषा. तीच ठेवण पुन्हा घेतली तर साधारण 2 अंशांचा फरक पडतो. 1971मध्ये बॉमरिंड आणि फ्रँट्झ यांनी दाखवलं की प्रत्येक बिंदूची चूक वेगळी असते आणि ती वेगळ्या दिशेने पसरते. 1975मध्ये जेकबसनने कवटी सोडून दातांच्या चावण्याच्या प्रतलाचा आधार घेतला, पण तारांनी तेच तर बदलतं.

नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातल्या वसुंधरा भड आणि सहकाऱ्यांचा डब्ल्यू कोन 2013मध्ये युरोपियन जर्नल ऑफ ऑर्थोडाँटिक्समध्ये छापून आला. त्यात फ्रँकफुर्ट नाही, नेझिऑन नाही, चावण्याचं प्रतलही नाही. सेला आणि दोन्ही जबड्यांतला एकेक मध्यबिंदू, एवढंच. 51 ते 56 म्हणजे जबडे जुळलेले. त्याखाली खालचा जबडा वरच्याच्या मानाने मागे, त्यावर पुढे. सेला त्यातही आहेच. तरी एका रिपोर्टवर एसएनबी आणि डब्ल्यू कोन शेजारी ठेवले आणि त्यांचं जमलं नाही, तर कुठे बघायचं ते कळतं.

पिंपळनेरला मी दवाखाना चालवतो. 'पोरना दात पुढे शेतस' म्हणत आईबाप येतात, आणि दात काढायचे की नाही याचा निर्णय या काही अंशांवर लटकलेला असतो. आता मी एक्स-रेच्या चिठ्ठीवर दोन ओळी जादा लिहितो: मान मोकळी, नजर समोरच्या आरशात, कानातल्या दांड्या नुसत्या टेकवा, आवळू नका. आणि ओळंब्याची साखळी फिल्मवर दिसू द्या.