तलवार मनाची, नियम घरचे!

गल्ली क्रिकेट आठवतंय? ‘एक टप्पी आउट’, ‘काकूंच्या गॅलरीत बॉल गेला की आउट, वर बॉलही तूच आणायचा’. हे नियम कुठल्याच पुस्तकात नव्हते, पण त्यांच्याशिवाय आपल्या गल्लीत मॅच झालीच नसती. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणारी मंडळीही टेबलाभोवती बसून नेमकं हेच करतात. त्याला म्हणतात हाउस रूल्स!

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी १९७४ मध्ये आणलेला हा खेळ. एक जण डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. वार लागला की हुकला, हे ठरवतो वीस बाजूंचा फासा.

बिचारा सोलनाइफ

हाउस रूल्सची गरज कुठे पडते ते बघायचं तर ‘सोलनाइफ’सारखं उदाहरण नाही. २००४ च्या ‘एक्सपांडेड सायॉनिक्स हँडबुक’मधला हा योद्धा. कल्पना एकदम झकास. तलवार विकत घ्यायची नाही, बाळगायची नाही. मनात आणलं की हातात पातं हजर! तुरुंगात टाका, झडती घ्या, हा कायम सशस्त्र.

पण आकडे बघितले की हिरमोड होतो. विसाव्या पातळीवर साध्या फायटरचा हल्ल्याचा बोनस २०, याचा १५. वीस बाजूंच्या फाशावर एक आकडा म्हणजे पाच टक्के. म्हणजे वार लागण्याच्या शक्यतेत तब्बल २५ टक्क्यांपर्यंत फरक! त्यात फायटरला एका फेरीत चार वार, याला तीन. पात्याला मानसिक ऊर्जेचा जादा तडाखा द्यायचा, तर तो ‘चार्ज’ करण्यात अर्धी पाळी जाते आणि त्या फेरीत एकच वार उरतो.

परिणाम? चौघांच्या ग्रुपमध्ये तिघं राक्षस लोळवतात आणि सोलनाइफवाला मित्र चिप्स संपवतो. चार-सहा रविवार असे गेले, की तो ‘ऑफिसचं काम आहे’ म्हणायला लागतो. प्रश्न आकड्यांचा नाही, तो रिकाम्या राहणाऱ्या खुर्चीचा आहे.

मग करायचं काय?

सोपा उपाय : हल्ल्याचा बोनस फायटरइतका करा. एका ओळीचा बदल, पण सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

फुकटातला उपाय : पुस्तकात पाचव्या पातळीनंतर पात्याचे मोजकेच आकार. लाँगसोर्ड, बास्टर्ड सोर्ड किंवा दोन छोट्या तलवारी. खेळाडूला भाला हवाय? कुऱ्हाड हवीय? दिसू दे की! नुकसानीचा फासा तोच ठेवा, रूप त्याच्या मनासारखं.

मोठा उपाय : ठरावीक शक्तींऐवजी मेन्यू कार्ड द्या. ‘पाथफाइंडर’साठी २०१० मध्ये आलेल्या ‘सायॉनिक्स अनलीश्ड’ने हेच केलं. पूर्ण बोनस दिला, शिवाय दर दोन पातळ्यांनी एक आवडीचं ‘ब्लेड स्किल’.

जपून करायचा उपाय : चार्जिंगला लागणारा वेळ कमी करणं. हे आणि पूर्ण बोनस एकदम दिलंत, तर उद्या फायटरवाला चिप्स खात बसेल!

घरचं ते छापील

सोलनाइफ पुढे २०२० मध्ये ‘ताशाज् कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’मध्ये रोगचा उपप्रकार म्हणून परतला. पातं वार करताच गायब, जखमेची खूणसुद्धा नाही. पण एक मेख होती. ते पातं फक्त स्वतःच्या पाळीच्या हल्ल्यातच निघायचं. शत्रू शेजारून पळाला तर हात रिकामा! डन्जन मास्टरने ‘असू दे, काढ पातं’ म्हटलं की झाला हाउस रूल. २०२४ च्या नव्या ‘प्लेअर्स हँडबुक’ने ती परवानगी चक्क छापूनच दिली.

टेबलावरचे चार करार

- एका वेळी एकच बदल करा.
- तीन बैठका खेळून बघा, मग पक्का करा.
- नियम वहीत लिहा. ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ला जागा नको.
- सोलनाइफवाल्याला विचाराच, पण त्याच्या शेजाऱ्यालाही विचारा.

शेवटी बॅट कोणाचीही असो, मॅच सगळ्यांची असते. तेव्हा येत्या रविवारी फासे काढण्याआधी पाच मिनिटं गप्पा मारा. रिकामी खुर्ची कदाचित तेवढ्यानेच भरेल!